स्पोर्ट्स कारची उंची : रिंगचा एक फेरा आणि त्यामागे हलणारं सगळं

शनिवारी सकाळी बेळगावहून जांबोटीकडे निघालात तर गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांगच लागलेली असते. केए-२२, एमएच-०९, जीए, मधूनच मुंबई-पुण्याच्या पाट्या. त्यांत एखादी जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार असते. गावाच्या वेशीवरचा ब्रेकर आला की ती तिरकी होते, मुंगीच्या पावलांनी चढते, आणि तरीही पोटाखालून ‘खर्रर्र’ ऐकू येतं. मागची जुनी मारुती मात्र धडधडत निघून जाते. टपरीवरचा प्रश्न ठरलेला : एवढ्या महागाच्या गाडीला साधा ब्रेकर जमत नाही? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : या गाड्यांची उंची म्हणे कमी-जास्त करता येते, मग वर का घेत नाहीत?

माझ्या भाच्याचा प्रश्न याच्या बरोबर उलटा होता. “मामा, माझ्या गाडीच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापून घेऊ काय? खाली बसली की मस्त दिसते.” मी उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगच्या कामात वर्षं काढली आहेत, गाड्यांचा नाद त्याहून जुना आहे. त्याला मी नुसतं ‘नको’ म्हणून सोडलं नाही, कारण कारण न सांगता दिलेला नकार पोरं पाळत नाहीत. त्याला जे समजावलं तेच इथे नीट मांडतो.

उंची मोजायची कुठून?

दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. गाडीच्या पोटाचा सगळ्यांत खालचा भाग आणि रस्ता यांतलं अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. स्विफ्टचा तो १६३ मिमी आहे, स्पोर्ट्स कारमध्ये तो साधारण १०० ते १२० मिमीच्या आसपास असतो. दुसरी गोष्ट म्हणजे राइड हाइट : गाडी चारही चाकांवर आपल्या वजनाने शांत उभी असताना बॉडी चाकांच्या तुलनेत कुठे बसली आहे, ती जागा. मेकॅनिक ती चाकाच्या मधल्या टोपीपासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजतो. जमिनीपासून मोजत नाही, कारण मग टायरमधली हवा आणि टायरची झीजही मोजमापात शिरते.

मोठे टायर घातले तर ग्राउंड क्लिअरन्स वाढेल, राइड हाइट तीच राहील. स्प्रिंगखालची रिंग फिरवून बॉडी उचलली तर दोन्ही वाढतील. पुढे ‘उंची’ म्हणेन तेव्हा ती राइड हाइट समजा.

पैलवानाचे गुडघे

सस्पेन्शनमध्ये मुख्य दोन गडी. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त स्प्रिंगची उड्या मारायची खोड मोडतो. शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यानंतर तीनदा हेलकावते ती त्यामुळेच. दोन्ही एकाच दांड्यावर, शॉकअपच्या भोवती स्प्रिंग अशा रचनेत बसवले आणि स्प्रिंगखालची बैठक वर-खाली करता आली, की त्याला कॉइलओव्हर म्हणतात.

आता आपल्याकडची तालीम आठवा. मातीत उतरलेला पैलवान गुडघे ताठ ठेवून उभा राहत नाही, आणि पार उकिडवाही बसत नाही. मधोमध वाकतो. समोरच्याने खाली दाबलं तर आणखी वाकायला जागा हवी, उचलायला गेला तर पाय मातीला टेकलेले राहायला हवेत. गाडीचं चाकही तसंच मधोमध हवं. समजा तुमच्या गाडीच्या चाकाला उंचवट्यावर वर जायला ७० मिमी आणि खड्ड्यात खाली लोंबायला ६० मिमी जागा आहे. रिंग फिरवून गाडी २५ मिमी खाली आणली की ते ७० चे ४५ होतात आणि ६० चे ८५.

म्हणजे ‘गाडी खाली आणली’ याचा खरा अर्थ असा, की उंचवटा गिळायची जागा एक तृतीयांशाहून जास्त खर्च केली. ती संपली की चाक बंप स्टॉपवर जाऊन आदळतं. बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा रबराचा किंवा फोमचा ठोकळा. त्या क्षणी स्प्रिंगचं काम संपतं, धक्का थेट बॉडीत जातो, आणि वळणावर हे घडलं तर टायरची पकडही एका झटक्यात सुटू शकते. खानापूर रस्त्यावर पावसाळ्यानंतर गाडी चालवणाऱ्याला त्या ४५ मिमीची किंमत वेगळी सांगायला नको.

रिंग फिरवली की

कॉइलओव्हरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यांवर रिंग बसते आणि रिंगवर स्प्रिंग टेकते. खाली एक लॉकची रिंग असते, ती हुक पान्याने सैल करायची, मग वरची फिरवायची. आट्यांचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, २ मिमी असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे बैठक २ मिमी हलली.

बैठक २ मिमी हलली म्हणजे गाडी २ मिमी हलली, असं मात्र सरळ धरू नका. हापशाच्या दांड्याचं टोक हातभर हलतं तेव्हा आतला दट्ट्या चार बोटं हलतो, तशीच इथे तरफ आहे. पुष्कळ गाड्यांत स्प्रिंग चाकाजवळ नसून आर्मच्या, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मध्ये कुठेतरी बसवलेली असते. चाक हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग हलते, हे गुणोत्तर ०.७ असेल तर बैठक ७ मिमी उचलली की गाडी त्या कोपऱ्यात १० मिमी उचलते. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना हे प्रमाण एकाच्या जवळ असतं. स्वतःच्या गाडीचं प्रमाण माहीत नसेल तर दोन फेरे फिरवा, गाडी खाली उतरवा, मोजा, आणि त्यावरून हिशेब करा.

रिंग हा एकच मार्ग नाही. १९८९ पर्यंतच्या पोर्शे ९११ मध्ये वेढ्यांची स्प्रिंगच नव्हती. तिथे पोलादी सळई पिळली जायची आणि तो पीळ वजन पेलायचा. तिला टॉर्शन बार म्हणतात. पुढच्या बाजूला तो पीळ एका स्क्रूने कमी-जास्त करून उंची लावत. तत्त्व तेच : वजन पेलणाऱ्या वस्तूचा बूड हलवायचा.

“पण रिंग वर घेतली की स्प्रिंग कडक होते ना?”

हा गैरसमज मी चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांकडूनही ऐकला आहे. रिंग वर घेतली, स्प्रिंग दाबली गेली, म्हणजे ती कडक झाली, असा तर्क. गाडी जॅकवर लटकत असताना तसं दिसतंही. पण ती चाकांवर उतरवल्यावर पाहा. एका कोपऱ्यावर ३५० किलो वजन आहे आणि स्प्रिंगला एक मिमी दाबायला ६ किलो लागतात, तर ती ५८ मिमीच्या आसपास दबणार. रिंग खाली असो वा वर, कोपऱ्यावरचं वजन तेच, म्हणून दबणंही तेच ५८. वाढलं ते बुडाचं ठिकाण, आणि गाडी तेवढी उचलली गेली. सूत (तारेची जाडी) आणि वेढे तेच असताना साध्या स्प्रिंगचा कडकपणा रिंगने बदलत नाही.

अपवाद एकच. लटकत्या गाडीतच स्प्रिंग इतकी आवळून ठेवली की ३५० किलोंनीही ती हलेना. मग शॉकअप पूर्ण ताणलेला राहतो, खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरत नाही, आणि गाडी दगडासारखी चालते. ‘कडक झाली’ असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा हे असतं, किंवा बंप स्टॉपवर बसलेली गाडी असते.

काही कॉइलओव्हरमध्ये शॉकअपची खालची वाटीही आट्यांवर फिरते. स्प्रिंगला हात न लावता पूर्ण दांडाच आखूड-लांब होतो, म्हणून शॉकअपची आतली चाल शाबूत राहते. पण चाल राहिली म्हणून जागा राहिली असं नाही. टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतोय का, ते चाक पूर्ण वर दाबून आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवून बघावंच लागतं.

“खाली केली की गाडी रस्त्याला चिकटते, हे तरी खरं?”

खरं आहे, पण किती? वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल हे गुरुत्वमध्य किती उंचावर आहे यावर ठरतं. घागर डोक्यावर घेऊन वळणं आणि कमरेवर घेऊन वळणं, एवढा तो फरक. आकडे घालून बघू. १,४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमी, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १,६०० मिमी. ट्रॅकवर जोरात वळताना गुरुत्वाच्या ०.८ पट आडवा जोर आला, तर १,४०० गुणिले ०.८ गुणिले ५०० भागिले १,६००, म्हणजे ३५० किलो वजन एका बाजूकडून दुसरीकडे गेलं. आता गाडी २५ मिमी खाली घेऊ. उत्तर येतं ३३२.५. फायदा साडेसतरा किलोंचा, म्हणजे पाच टक्के. रेसमध्ये पाच टक्क्यांसाठी लोक जिवाचं रान करतात. भाजी आणायला कोनवाळ गल्लीतून मार्केटला जाणाऱ्याला ते जाणवणारही नाही.

याच्या जोडीला एक गोष्ट घडते, ती फार थोडे सांगतात. वळणावर बॉडी कलते ती एका बिंदूभोवती. तो बिंदू आर्मच्या कोनावरून ठरतो, त्याला रोल सेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांतलं अंतर म्हणजे गाडीला कलवणारी पहार. पहार लांब असली की दगड सहज हलतो. मॅकफर्सन स्ट्रटची गाडी २५ मिमी खाली आणली की गुरुत्वमध्य २५ मिमी खाली येतो, पण आर्मचे कोन बदलल्याने रोल सेंटर त्याहून जास्त खाली घसरतो. पहार लांब होते. त्याच स्प्रिंगवर गाडी नुसती खाली आणली तर ती वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. म्हणूनच चांगल्या लोअरिंग किटमध्ये स्प्रिंग जास्त कडक असते, आणि तिला जुळणारा शॉकअप लागतो.

आर्मचे कोन बदलले की चाकांचेही बदलतात. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती झुकलं आहे ते, आणि टो म्हणजे वरून पाहताना दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळली आहेत की फाकली आहेत ते. गाडी खाली आली की बहुतेक रचनांत चाकाचं डोकं आत झुकतं, आणि टायरॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचा, कोन बदलल्याने टो सुद्धा हलतो. टायरची आतली कड कापल्यासारखी झिजून गेलेली गाडी दिसली तर दोष बहुतेक वेळा टो चा असतो, लोक मात्र शिव्या कॅम्बरला देतात. उंची लावून झाली की अलाइनमेंट पुन्हा केलीच पाहिजे, आणि याच क्रमाने : आधी उंची, मग अलाइनमेंट. उलट केलं तर पैसे दोनदा जातात.

डुगडुगणारी खाट

आता ज्या भागासाठी मला हा लेख लिहावासा वाटला, तिथे आलो.

घरच्या खाटेचा एक पाय आखूड असेल तर ती कशी डुगडुगते बघा. आखूड पाय हवेत, आणि त्याच्या तिरक्या समोरचा पायही वजन सोडतो. सगळा भार उरलेल्या दोन पायांच्या कर्णावर. गाडी डुगडुगत नाही, कारण तिच्या प्रत्येक पायाखाली स्प्रिंग आहे. पण कर्णावर वजन चढण्याचा प्रकार तिच्यातही तसाच घडतो, नुसता डोळ्यांना दिसत नाही.

चार चाकांखाली चार सपाट काटे ठेवले आणि चालकाला आत बसवलं. समजा आकडे असे आले : पुढचं डावं ३८६ किलो, पुढचं उजवं ३४४, मागचं डावं ३००, मागचं उजवं ३७०. बेरीज १,४००. पुढे ७३०, मागे ६७०, उजवीकडे ७१४, डावीकडे ६८६. सगळं ठीक वाटतं. आता तिरकी बेरीज करा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ६४४. दुसरा कर्ण ७५६. ही गाडी आखूड पायाची खाट आहे. डावीकडे वळताना एक स्वभाव, उजवीकडे वळताना दुसरा. जोरात ब्रेक दाबला की ज्या पुढच्या चाकावर ४२ किलो कमी आहेत ते आधी घसरू बघणार.

मडगार्डच्या काठाला टेप लावून चारही उंच्या सारख्या केल्या की काम झालं, असं मानणाऱ्यांची गाडी बऱ्याचदा याच अवस्थेत असते. बॉडीचे पत्रे सगळीकडे मिलीमीटरपर्यंत सारखे बसलेले नसतात. गाडीला कधी ठोकर बसून पत्रा बदललेला असेल तर टेपचं माप आणखीच फसवं.

उपाय त्याच रिंगमध्ये आहे. एका कोपऱ्याची रिंग वर घेतली की तो कोपरा जास्त वजन घेतो, त्याच्या तिरक्या समोरचाही घेतो, आणि उरलेले दोन वजन सोडतात. वरच्या उदाहरणात पुढची उजवी आणि मागची डावी रिंग थोडी वर, बाकीच्या दोन तेवढ्याच खाली, असं करत गेलं की प्रत्येक चाकावर २८ किलोंचा फरक पडतो : ३५८, ३७२, ३२८, ३४२. दोन्ही कर्ण ७०० आणि ७००. चारही रिंग थोड्या थोड्या हलवल्या म्हणून सरासरी उंचीही ढळली नाही.

या कामात जे बदलत नाही तेही ध्यानात ठेवा. पुढे ७३० होते, ७३० च राहिले. उजवीकडे ७१४ होते, तेवढेच राहिले. रिंग वजन कर्णांमध्ये वाटून देते, ते पुढून मागे किंवा डावीकडून उजवीकडे नेत नाही. त्यासाठी बॅटरीसारखी जड वस्तूच हलवावी लागते.

काटे ठेवलेली जमीन एका पातळीत नसेल तर ही सगळी मेहनत वाया. आपल्याकडे फरशीला पाणी वाहून जायला उतार देतात, तो डोळ्यांना कळत नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, चारही जागांची पातळी बघा, आणि कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

“मग स्प्रिंग कापली तर काय बिघडतं?”

भाच्याचा प्रश्न. त्या दिवशी गॅरेजमध्ये असलेल्या मिस्त्रींनी माझ्याआधीच उत्तर दिलं होतं : “गाडी खाली येतेय की रे, पण रस्ता कुठं खाली जायलाय?”

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, हे स्प्रिंगच्या गणितातच आहे : सूत तेच ठेवून वेढे निम्मे केले तर कडकपणा दुप्पट. जुना शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या मापाचा असतो, त्याला ही उसळी आवरत नाही. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. आणि मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरच सैल होते, सरकते, कधी निसटतेही. काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. ते तर त्याहून वाईट, कारण स्प्रिंगचं पोलाद ज्या उष्णतेच्या प्रक्रियेतून लवचिक झालेलं असतं ती प्रक्रियाच त्या ज्योतीखाली पुसली जाते. बेळगावातल्या फौंड्री आणि हीट ट्रीटमेंटमध्ये काम केलेल्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये. हे करू नका. दिसण्यासाठी तर मुळीच नको.

आपले ब्रेकर, कागदावरचे आणि रस्त्यावरचे

आता जांबोटीच्या रस्त्यावरच्या त्या ‘खर्रर्र’कडे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोल ब्रेकर कसा असावा ते दिलं आहे : १७ मीटर त्रिज्येचा कंस, रुंदी ३.७ मीटर, मध्ये उंची १०० मिमी. वाहन ताशी २५ किमीने जावं म्हणून हा आकार. आता २.४५ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली स्पोर्ट्स कार त्यावर चढवा. ब्रेकर ३.७ मीटर रुंद असल्याने दोन्ही चाकं एकाच वेळी त्यावरच असतात. मध्ये पोटाखाली कंस किती वर येतो? साधारण ४४ मिमी. गाडीचा क्लिअरन्स ११० असेल तर ६६ मिमी शिल्लक. मानकाप्रमाणे बांधलेला ब्रेकर बुटकी गाडीही पोट न घासता ओलांडते.

अडचण आहे ती रातोरात घातलेल्या ब्रेकरची. दोन फूट रुंद, सहा इंच उंच, डांबराचा किंवा काँक्रीटचा बांध. दोन्ही चाकं त्याच्या दोन बाजूंना सपाट रस्त्यावर, आणि मध्ये पूर्ण १५० मिमीचा उंचवटा. ११० मिमीची गाडी तिथे घासणारच, चालक कितीही सावकाश जावो. माझं म्हणणं असं, की यात दोष गाडीपेक्षा ब्रेकरचा जास्त आहे. तोच बांध रुग्णवाहिकेतल्या पेशंटला आणि स्कूटरवरच्या पोटुशीलाही हादरवतो.

पुढच्या ओठाचं, म्हणजे बंपरच्या खालच्या काठाचं, गणित वेगळं. पुढच्या चाकापासून ओठ ९०० मिमी पुढे आणि जमिनीपासून ११० मिमी वर असेल तर आठास एक या चढापर्यंत गाडी निभावते. २५ मिमी खाली आणली की तीच मर्यादा साधारण साडेदहास एक होते. पेट्रोल पंपावर चढताना आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरताना घासतो तो ओठ, पोट नव्हे. तिरकी घेतली की एक चाक आधी चढून तो कोपरा उचलतं, म्हणून तो तिरकेपणाचा खटाटोप.

आणि गोव्याला निघालेल्या गाडीत माणसं आणि सामान मिळून २०० किलो वाढले तर? चाकाशी मोजलेला कडकपणा मिलीमीटरला ६ किलो असलेली गाडी सरासरी आठेक मिमी खाली बसेल. अडीच किलोची मऊ गाडी २० मिमी बसेल. उंची लावताना गाडी रिकामी होती की भरलेली, हे लिहून ठेवायचं ते यासाठी.

“काही गाड्या बटण दाबलं की वर जातात, त्या कशा?”

त्यांच्यात पुढच्या शॉकअपच्या बैठकीत हायड्रॉलिक सिलिंडर असतो. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो आणि नाक साधारण ४० मिमी वर येतं. हे कमी वेगातच चालतं, वेग वाढला की गाडी आपोआप खाली येते. पोर्शे, लँबोर्गिनी यांच्या गाड्यांत ही सोय मिळते. बेळगावात ज्या हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हची कामं वर्षानुवर्षं चालतात, त्याच कुळातली ही वस्तू. तेलाच्या दाबावर गाडी तोलण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये स्प्रिंगच्या जागी तेल आणि वायू होता, आणि गाडी भरली तरी ती आपली उंची स्वतः राखायची.

मग कायमचीच वर का ठेवत नाहीत? एक कारण वारा. नदीचं पात्र अरुंद झालं की पाणी वेगाने धावतं, तसं गाडीच्या पोटाखालच्या चिंचोळ्या फटीत वाऱ्याचं होतं. वेग वाढतो, दाब घटतो, गाडी रस्त्याकडे ओढली जाते. फॉर्म्युला वनमध्ये तर फटीच्या मिलीमीटरवर शर्यती ठरतात. १९८१ मध्ये तिथे गाडीखाली ६ सेंमी जागा हवी असा नियम आला. ती मोजायचे गाडी उभी असताना. डिझायनर गॉर्डन मरी यांनी ब्रॅबहॅम संघाच्या गाडीला असं सस्पेन्शन दिलं की ती पिटमध्ये नियमाएवढी उंच असायची आणि धावताना वाऱ्याच्या दाबाने खाली बसायची. १९९४ पासून गाडीच्या पोटाला फळी लावणं सक्तीचं झालं. १० मिमीच्या फळीची एक मिमीपेक्षा जास्त झीज झाली तर गाडी बाद. २०२३ मध्ये ऑस्टिनच्या खडबडीत ट्रॅकवर लुइस हॅमिल्टन आणि शार्ल लक्लेर यांचे निकाल नेमके याच कारणाने रद्द झाले. रस्त्याच्या खडबडीचा अंदाज चुकला की जगातल्या सगळ्यांत हुशार इंजिनिअरांचीही गाडी घासते.

रस्त्यावरच्या साध्या गाडीचं पोट सायलेन्सर, नळ्या, खाचाखोचांनी भरलेलं असतं. तिला या वाऱ्याचा फारसा उपयोग नाही.

“मग आमच्या रस्त्यांसाठी रिंग पूर्ण वर घेऊन ठेवतो”

तेही नको. वर घेतली की खड्ड्यात चाक लोंबायची जागा कमी होते, ॲक्सलचे सांधे वाकड्या कोनात फिरू लागतात, चाकांची डोकी बाहेर झुकतात. नुसतं नाकच १० मिमी वर गेलं तर २.४५ मीटर व्हीलबेसच्या गाडीचा हेडलाइटचा झोत २५ मीटरवर १०० मिमी वर चढतो. चोर्ला घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो जातो. तेव्हा उंची बदलली की दिवेही पुन्हा लावा.

माझं मत विचाराल तर आपल्या भागात कॉइलओव्हर घ्यायचा तो कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास, फार तर १० मिमी इकडे-तिकडे राहण्यासाठी. त्याची खरी कमाई चार कोपरे जुळवण्यात आहे, आणि ती लोक घेतच नाहीत.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकातल्या, म्हणजे कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. कंपनीने दिलेली समायोजनाची सोय वापरणं आणि बाहेरून भाग बदलणं या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरी करणार असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

हाताला काळं लागतं ते काम

गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका. चाकं लोंबताना आत सरकलेली असतात आणि टायर जमिनीला अडून बसतात, म्हणून माप चढं येतं. गाडी दहा-पंधरा फूट मागे-पुढे ढकला, बॉडीवर दोन-तीनदा जोर द्या, मग टेप लावा. फरक मोठा केला असेल तर आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आट्यांची काळजी आपल्याकडे जास्तच घ्यावी लागते. खानापूर-कणकुंबीची तांबडी माती ओल्याने आट्यांत भरते, वाळली की विटेसारखी होते. त्यात गोव्याची खारी हवा. दोन पावसाळे हात लावला नाही तर रिंग जाम होते, आणि जाम रिंगवर हातोडी-छिन्नी चालवली की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. मिरगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमाराला नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा, पाण्याने धुऊन वाळवा, आणि रिंग एक फेरा फिरवून परत जागेवर आणा.

भाच्याने शेवटी स्प्रिंग कापली नाही. आम्ही दोघांनी त्याच्या गाडीचे चारही कोपरे मोजले. मागचा डावा १४ मिमी खाली निघाला. स्प्रिंगचा खालचा वेढाच तुटलेला होता, आणि गेले कित्येक महिने तो त्यावरच निपाणीला ये-जा करत होता. नवी जोडी बसवली. चारही मापं, टायरची हवा, टाकीतलं पेट्रोल आणि तारीख त्याने गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. दसऱ्याला पुन्हा तिथेच, त्याच फरशीवर मोजायचं ठरलंय.